घोडेस्वारीचा कोच कसं होतात? उत्तम रायडर असणं ही फक्त पहिली पायरी

२३ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. ब्रिटनची ड्रेसाज खेळाडू शार्लट डुजार्डिन हिने स्पर्धेतून माघार घेतली. तिच्या नावावर तोवर सहा ऑलिम्पिक पदकं होती, त्यातली तीन सुवर्ण. माघारीचं कारण होतं एक जुना व्हिडिओ. त्यात डुजार्डिन घोड्यावर नव्हती. ती जमिनीवर उभी राहून दुसऱ्या एका रायडरला शिकवत होती, आणि शिकवताना त्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारत होती.

तिने जाहीर माफी मागितली. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने तिला एक वर्ष निलंबित केलं आणि १० हजार स्विस फ्रँक्सचा दंड ठोठावला.

हे तिने खेळाडू म्हणून केलं नव्हतं, कोच म्हणून केलं होतं. त्यामुळे एक प्रश्न उभा राहिला. ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळालं म्हणजे शिकवता येतंच असं आहे का? आणि तसं नसेल, तर स्पर्धेतली घोडेस्वारी शिकवायला नेमकं काय यावं लागतं, ते कुठे शिकवतात, त्याची परीक्षा कोण घेतं?

रायडर आणि कोच यांत फरक काय?

क्रिकेटच्या कोचकडे एक विद्यार्थी असतो. घोडेस्वारीच्या कोचकडे एकाच वेळी दोन असतात, एक खोगिरावर बसलेला आणि एक खोगिराखाली. पहिला बोलू शकतो. दुसऱ्याचं वजन साधारण ५०० किलो असतं आणि त्याला "इथे दुखतंय" असं सांगता येत नाही.

कोचची निम्मी जबाबदारी इथूनच सुरू होते. एखादा घोडा अडथळ्यासमोर येऊन थांबला, तर बाहेरून पाहणाऱ्याला तो हट्टीपणा वाटतो. पण कारणं बरीच असू शकतात. खोगीर पाठीला टोचत असेल. पुढचा पाय किंचित दुखत असेल. रायडरने उडीच्या आधी घाबरून लगाम ओढला असेल. अडथळ्याकडे येण्याची रेषा तिरपी असेल. किंवा घोड्याला तो अडथळा खरंच त्याच्या तयारीपेक्षा मोठा असेल. यातलं नेमकं कारण ओळखता येणं म्हणजे कोचिंग. "मार चाबूक" हे कुणीही सांगू शकतं.

तसं सांगण्याची किंमत एका खेळाने मोजली आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत जर्मन खेळाडू अनिका श्लॉय हिला चिठ्ठीने मिळालेला सेंट बॉय नावाचा घोडा बिथरला. त्या खेळात रायडरला अनोळखी घोडा मिळतो आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं असतात. कठड्याबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षक किम राइस्नर तिला घोड्याला मारायला सांगत होत्या. त्यांनी स्वतः घोड्याला बुक्की मारल्याचं टीव्हीवर जगाने पाहिलं. त्यांना उरलेल्या स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं. नंतर या खेळातून घोडेस्वारीच वगळायचं ठरलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल.

कोच कशाचा? घोडेस्वारीत खेळ किती?

"घोडेस्वारीचा कोच" असं सरसकट म्हटलं जातं, पण स्पर्धेच्या पातळीवर प्रत्येक प्रकाराचा कोच वेगळा असतो. ऑलिम्पिकमध्ये तीन प्रकार आहेत.

ड्रेसाज: २० बाय ६० मीटरच्या आखाड्यात घोडा ठरवून दिलेल्या हालचाली करतो. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात. रायडरने दिलेली सूचना बघणाऱ्याला दिसता कामा नये, ही त्यातली खरी कसोटी.

शो जंपिंग: ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळेत अडथळे पार करायचे. दांडा पडला की ४ दंडगुण.

इव्हेंटिंग: ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग अशा तिन्ही परीक्षा एकाच घोड्याने द्यायच्या. क्रॉस कंट्रीत मोकळ्या मैदानात, पाण्यातून, चढ-उतारांवरून भक्कम अडथळे ओलांडायचे असतात. घोडेस्वारीतला हा सगळ्यात जोखमीचा प्रकार मानला जातो.

याशिवाय लांब पल्ल्याची एंड्युरन्स, गाडी हाकण्याचं ड्रायव्हिंग, पळत्या घोड्यावर कसरतींचं व्हॉल्टिंग आणि पॅरालिम्पिकमधलं पॅरा ड्रेसाज असे प्रकार आहेत. भारतात लष्करामुळे टेंट पेगिंगही लोकप्रिय आहे. यात भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायची असते.

प्रत्येक प्रकाराच्या कोचचं ज्ञान वेगळं असतं. एंड्युरन्सच्या कोचला घोड्याच्या नाडीचा हिशेब ठेवावा लागतो. एक टप्पा संपल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत साधारण मिनिटाला ६४ पर्यंत खाली आले नाहीत, तर पशुवैद्यक त्याला पुढे सोडत नाहीत. जंपिंगच्या कोचचा हिशेब पावलांचा असतो.

पावलांचा हिशेब म्हणजे काय?

कँटर या वेगवान चालीत घोड्याची एक ढांग साधारण ३.६ मीटरची असते. माणसाने मोजून टाकलेली चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. उडी मारून खाली उतरायला दोन पावलं आणि पुढच्या उडीसाठी उचल घ्यायला दोन पावलं धरायची. म्हणजे दोन अडथळ्यांत माणसाची आठ पावलं भरली, तर घोडा मध्ये एक ढांग टाकेल. बारा भरली, तर दोन ढांगा.

स्पर्धेआधी रायडरला मार्ग पायी चालून पाहता येतो. घोड्याला ती सोय नसते, तो अडथळा पहिल्यांदा पाहतो तो थेट उडीच्या वेळी. त्यामुळे या पायी फेरीत कोच रायडरच्या सोबत पावलं मोजत चालतो. या घोड्याची ढांग आखूड आहे, तर इथे त्याला पुढे काढायचं की आवरून एक ढांग जास्त घ्यायची? वळणानंतर किती जागा मिळेल? हे निर्णय तिथेच होतात. चुकीचं अंतर सांगितलं तर घोडा उडीला फार लांबून किंवा फार जवळून उचल घेतो. मग दांडा पडतो, आणि कधी रायडर.

कोच होण्याआधी काय यावं लागतं?

कोणत्याही देशाची पद्धत घेतली तरी चार गोष्टी सारख्या आहेत.

१) स्वतःची मांड: शिकवायची आहे त्याहून वरच्या पातळीवर स्वतःला रायडिंग यावं लागतं. तेही फक्त आपल्या सवयीच्या घोड्यावर नाही. अनोळखी घोडाही चालवता आला पाहिजे.

२) तबेल्याचं ज्ञान: खरारा, चंदी, पाणी, नाल, खोगीर, जखमांची देखभाल. निरोगी घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हे आकडे तोंडपाठ हवेत. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटशूळ उठला तर तो जिवावर बेतू शकतो. घोडा वारंवार पोटाकडे बघतो, जमिनीवर लोळतो, चंदीला तोंड लावत नाही, ही लक्षणं ओळखून डॉक्टरला बोलावण्यात उशीर चालत नाही.

३) शिकवण्याची कला: धड्याची आखणी, सोप्याकडून अवघडाकडे जाणं, घाबरलेल्या मुलाशी आणि अतिआत्मविश्वास असलेल्या मोठ्या माणसाशी वेगळ्या पद्धतीने बोलणं.

४) सुरक्षितता आणि कायदा: प्रथमोपचार, हेल्मेट आणि क्रॉस कंट्रीसाठी छातीचं संरक्षक जॅकेट नीट बसवणं, मुलांच्या सुरक्षेचे नियम, विमा. त्यात उत्तेजकांचे नियमही आले. घोड्यांचीही डोपिंग चाचणी होते. मुख्य जबाबदार रायडर धरला जात असला, तरी कोचसारख्या सहाय्यकांवरही कारवाई होऊ शकते.

जर्मनीत कोच कसा घडतो?

घोडेस्वारीतलं सगळ्यात शिस्तबद्ध शिक्षण कुठे मिळतं, या प्रश्नावर बहुतेकांचं बोट जर्मनीकडे जातं. तिथल्या राष्ट्रीय महासंघाचं मुख्यालय वारेनडॉर्फ या छोट्या शहरात आहे. कोच होण्याचे तिथे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता परवान्याचा. क्लबमध्ये शिकवणाऱ्यांसाठी ट्रेनर सी, ट्रेनर बी आणि ट्रेनर ए असे चढते परवाने असतात. सी ही पहिली पायरी. जर्मन ऑलिम्पिक संघटनेच्या चौकटीत सी परवान्यासाठी किमान १२० तासिका ठरलेल्या आहेत. एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे एकूण ९० तास.

हे वाचून कोच होणं फार सोपं आहे असं वाटू शकतं. पण हे ९० तास फक्त शिकवायला शिकण्याचे आहेत. त्याआधी रायडिंगची पात्रता सिद्ध करावी लागते. जर्मनीत रायडरसाठी १० पासून १ पर्यंत उतरत्या क्रमांकाचे बिल्ले असतात. १० क्रमांकाचा नवशिक्यासाठी, १ क्रमांकाचा सर्वात वरचा. कोचिंगच्या कोर्सला बसण्याआधी या शिडीवर बरंच वर पोहोचावं लागतं आणि त्यात अनेक वर्षं जातात. मिळालेला परवाना कायमचा नसतो. ठरलेल्या मुदतीत पुन्हा प्रशिक्षण घेतलं तरच तो टिकतो.

दुसरा रस्ता व्यवसायाचा. जर्मनीत 'फेर्डेविर्ट' हा १९७५ पासून सरकारमान्य व्यवसाय आहे. आपल्याकडच्या आयटीआयसारखी ही तीन वर्षांची उमेदवारी असते. उमेदवार एखाद्या मान्यताप्राप्त तबेल्यात नोकरीसारखं काम करतो, त्याचा पगार घेतो आणि सोबत व्यवसाय शाळेत शिकतो. यात पाच शाखा आहेत. स्पर्धेतल्या कोचिंगकडे जाणारे 'क्लासिकल रायडिंग ट्रेनिंग' ही शाखा घेतात. तीन वर्षांनी परीक्षा होते, आणि पुढे अनुभव घेऊन 'माइस्टर' म्हणजे उस्तादाची परीक्षा देता येते. माइस्टर झालेली व्यक्ती स्वतः उमेदवार घडवू शकते.

दोन्ही रस्त्यांवर शिकवण्याचा पाया एकच आहे. त्याला प्रशिक्षणाची शिडी म्हणतात आणि त्याची मुळं जर्मन घोडदळाच्या नियमावलीत आहेत. शिडीला सहा पायऱ्या आहेत: ताल, सैलपणा, लगामाशी हलका संपर्क, जोम, सरळपणा आणि शेवटी एकवटणं, म्हणजे घोड्याने वजन मागच्या पायांवर घेऊन हलकं होणं. घोडा पाचव्या पायरीवर अडला, तर जर्मन पद्धतीचा कोच सहसा पाचव्या पायरीवर जोर लावत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या पायरीवर परत जातो. ताल बिघडलाय का? पाठ ताठ झालीय का? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ब्रिटन आणि फ्रान्समध्ये काय नियम आहेत?

ब्रिटनमध्ये ब्रिटिश हॉर्स सोसायटी ही १९४७ मध्ये स्थापन झालेली संस्था स्टेज १ ते स्टेज ५ अशा परीक्षा घेते. पहिल्या दोन स्टेजमध्ये रायडिंग, घोड्याची देखभाल आणि शिकवण्याचा पाया तपासतात. स्टेज ३ पार केल्यावर कोच म्हणून पात्रता मिळते, स्टेज ४ म्हणजे सीनियर कोच आणि स्टेज ५ म्हणजे परफॉर्मन्स कोच. त्याहून वर 'फेलो' हा सर्वोच्च दर्जा आहे. संस्थेच्या यादीत मान्यताप्राप्त कोच म्हणून नाव राहण्यासाठी प्रथमोपचार, बालसुरक्षेचं प्रशिक्षण, पोलिस पडताळणीसारखी तपासणी आणि विमा लागतो. ड्रेसाज, जंपिंग आणि इव्हेंटिंगच्या स्वतंत्र संघटना आपापल्या प्रकारासाठी वेगळं कोचिंग शिक्षणही देतात.

पण ब्रिटनमध्ये एक फट आहे. रायडिंग स्कूल चालवायला परवाना लागतो. स्वतःला 'कोच' म्हणवून घेणाऱ्या स्वतंत्र व्यक्तीला मात्र कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही.

फ्रान्सने ही फट बुजवली आहे. तिथे पैसे घेऊन कोणताही खेळ शिकवायचा असेल तर मान्यताप्राप्त पात्रता लागते. त्याशिवाय शिकवणं हा गुन्हा आहे. रायडर 'गॅलो' नावाच्या १ ते ७ पातळ्या चढतात आणि मग कोचिंगच्या सरकारी पदविकांकडे वळतात. सोम्युर इथली राष्ट्रीय अश्वशाळा आणि तिथले काळ्या गणवेशातले 'काद्र न्वार' हे शिक्षक जगप्रसिद्ध आहेत. फ्रेंच शैलीच्या घोडेस्वारीला २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

ज्या देशात अशी पद्धतच नाही, त्यांनी काय करायचं?

इथे एफईआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ मदतीला येतो. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. ज्या देशांची स्वतःची कोचिंग व्यवस्था पुरेशी विकसित नाही, त्यांच्यासाठी एफईआय लेव्हल १, लेव्हल २ आणि लेव्हल ३ असे कोचिंगचे टप्पे चालवतो. लेव्हल १ मध्ये पाया पक्का करण्यावर भर असतो. वरच्या टप्प्यांत स्पर्धेसाठी रायडर आणि घोडा तयार करणं येतं. हे कोर्स त्या-त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघामार्फत होतात.

भारतात तो महासंघ म्हणजे ईएफआय, अर्थात इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया. दोन्ही नावं सारखी वाटतात, त्यामुळे गोंधळ होतो. लक्षात ठेवायला सोपं: ईएफआय दिल्लीत, एफईआय लोझानमध्ये.

परीक्षेच्या दिवशी नेमकं काय होतं?

देशागणिक तपशील बदलतो, पण साचा साधारण असा असतो.

सकाळी उमेदवाराला असा घोडा दिला जातो ज्यावर तो आधी कधी बसलेला नाही. काही मिनिटांत त्याची चाल, ताकद आणि कच्चे दुवे ओळखून उमेदवाराने त्याच्यावर काम करायचं. परीक्षक नंतर विचारतात, "घोडा कसा वाटला? उद्या हा तुझ्या तबेल्यात आला तर पहिल्या आठवड्यात काय करशील?" इथे सुंदर रायडिंगपेक्षा प्रामाणिक निदानाला वजन असतं.

मग उमेदवार जमिनीवर उतरतो. लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवणं, म्हणजे लंजिंग, करून दाखवायचं. घोडा दुडक्या चालीने सरळ पळवून तो लंगडतोय का ते सांगायचं. दुखरा पाय पुढचा असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो, ही एक ओळखीची खूण. पट्टी बांधायची, खोगीर तपासायचं, आहाराचे प्रश्न सोडवायचे.

शेवटी शिकवण्याची परीक्षा. समोर अनोळखी विद्यार्थी असतात. उमेदवार धडा आखतो, शिकवतो आणि नंतर स्वतःच्या धड्याचं मूल्यमापन करतो. अनेक चांगले रायडर इथे अडखळतात. त्यांनी वर्षानुवर्षं जे शरीराने केलं, ते शब्दांत सांगता येत नाही. "फील कर" असं सांगून विद्यार्थ्याला काही कळत नाही. "बाहेरच्या खांद्याकडे बघ, तो पुढे येताना खोगिरावरून उठ" असं सांगितलं की कळतं.

भारतात चित्र काय आहे?

भारतीय घोडेस्वारीचा कणा लष्कर आहे. जयपूरची ६१ कॅव्हलरी, मेरठचं रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं केंद्र, राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल, अशा तुकड्यांमधून रायडर आणि प्रशिक्षक घडत आले. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये घोडेस्वारीचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा रघुबीर सिंग यांनी शाहजादा या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. सांघिक सुवर्णही भारतालाच मिळालं. सेवानिवृत्तीनंतर अनेक रिसालदार आणि दफेदार नागरी क्लबमध्ये शिकवू लागले. आजही अनेक शहरांत मुलांना पहिल्यांदा मांड घालायला शिकवणारे 'उस्ताद' लष्करातून आलेले असतात.

महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट्सना घोडेस्वारी शिकवतात. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये ती शालेय जीवनाचा भाग आहे. मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत दरवर्षी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवर अनेक घरं चालतात. घोड्याची जाण असलेली माणसं इथे भरपूर आहेत. त्यांना स्पर्धेच्या कोचिंगपर्यंत नेणारा जिना मात्र अरुंद आहे.

तो किती अरुंद आहे, हे २६ सप्टेंबर २०२३ रोजी दिसलं. हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने सांघिक ड्रेसाजमध्ये सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. संघात मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदिप्ती हजेला होते. चौघांनीही त्याची तयारी युरोपात राहून केली होती. अनुषने पुढे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताचं प्रतिनिधित्व केलं. त्याचे कोच ह्युबर्टस श्मिट, अथेन्स २००४ च्या सांघिक सुवर्णपदकाचे मानकरी. टोकियो ऑलिम्पिक खेळलेल्या बंगळुरूच्या फवाद मिर्झाला घडवणारी सँड्रा आउफार्थ हीसुद्धा जर्मनीचीच, लंडन २०१२ ची पदकविजेती.

परदेशी जाण्यामागे घोडे, स्पर्धांची संख्या आणि आरोग्याचे नियमही आहेत. रोगमुक्त क्षेत्राची मान्यता नसल्याने भारतातले घोडे युरोपातल्या स्पर्धांना नेणं फार अवघड होतं. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या देशातल्या पहिल्या अश्वरोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. हा मार्ग थोडा उघडला आहे. पण घोडे बाहेर जाऊ लागले तरी त्यांना घडवणारे कोच इथे नसतील तर फार फरक पडणार नाही.

भारतीय कोचसमोर आणखी एक वेगळं आव्हान असतं. इथल्या क्लबमधले बरेच घोडे निवृत्त शर्यतीचे थरोब्रेड असतात. त्यांना आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं, पुढे पळ. लगाम ताणला की काही जण आणखी जोरात पळतात. अशा घोड्याला थांबायला, वळायला आणि शांतपणे तालात चालायला शिकवायचं, आणि त्याच घोड्यावर नवा विद्यार्थीही सुरक्षित ठेवायचा. युरोपातली पाठ्यपुस्तकं मुख्यतः खेळासाठी पैदास केलेल्या वॉर्मब्लड घोड्यांवर बेतलेली असतात. त्यामुळे परदेशातून शिकून आलेल्या कोचलाही इथे येऊन पुन्हा शिकावं लागतं.

ज्यांना कोच व्हायचंय त्यांनी सुरुवात कुठून करावी?

पहिलं, एकाच क्लबच्या एकाच घोड्यावर समाधान मानू नये. जितके वेगवेगळे घोडे, तितकी जाण वाढते.

दुसरं, राइड संपल्यावर घोडा मोतद्दाराच्या हातात देऊन निघून जायची सवय मोडावी. खरारा, खूर साफ करणं, चंदीचं मोजमाप, नालबंद काम करताना शेजारी उभं राहणं, हे कोचिंगच्या अभ्यासक्रमातच मोडतं. भारतात मुलांना आयता सजवलेला घोडा मिळतो आणि परदेशात परीक्षेला बसल्यावर तबेल्याच्या विभागात ती मागे पडतात.

तिसरं, एक प्रकार निवडावा आणि त्यात स्पर्धा खेळाव्यात. राष्ट्रीय पदक हवंच असं नाही. पण पराभव, घाबरलेला घोडा आणि शेवटच्या अडथळ्यावर पडलेला दांडा अनुभवलेला नसेल तर विद्यार्थ्याला काय सांगणार?

चौथं, मान्यताप्राप्त कोचच्या हाताखाली सहाय्यक म्हणून शिकवायला सुरुवात करावी आणि शिकवलेल्या प्रत्येक धड्याची वही ठेवावी. युरोपात 'वर्किंग स्टुडंट' ही जुनी पद्धत आहे. तबेल्यात काम करायचं आणि त्या बदल्यात शिकायचं. तिथे जाण्याआधी व्हिसा, विमा, कामाचे तास आणि आठवड्याला किती धडे मिळणार, हे लेखी घ्यावं. जर्मनीत उमेदवारी करायची असेल तर जर्मन भाषेला पर्याय नाही, कारण व्यवसाय शाळा आणि परीक्षा जर्मनमध्येच असतात.

पाचवं, ईएफआयच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं.

पालकांनी कोच कसा ओळखावा?

फ्रान्समध्ये आहे तशी पात्रतेची सक्ती भारतात नाही. त्यामुळे तपासण्याचं काम पालकांवर येतं. कोचकडे कोणतं प्रमाणपत्र आहे, ते कोणी दिलं, हे विचारायला संकोच करू नये. पण कागदाइतकंच महत्त्वाचं असतं ते एक तास शांतपणे कठड्यावर उभं राहून पाहणं.

मूल पडलं तर कोच आधी काय करतो? लगेच पुन्हा घोड्यावर चढवतो, की डोक्याला मार लागलाय का ते पाहतो? हेल्मेटशिवाय कुणी घोड्यावर दिसतंय का? घोड्यांच्या पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का? पाण्याच्या टाक्या भरलेल्या आहेत का? घोडा अडला की कोच काय शोधतो, कारण की चाबूक?

डुजार्डिन प्रकरणानंतर या शेवटच्या प्रश्नाला वजन आलं आहे. तो व्हिडिओ स्पर्धेच्या मैदानातला नव्हता. तो रोजच्या सरावातला होता, जिथे परीक्षक नसतात, कॅमेरे नसतात आणि गुण मिळत नाहीत. कोचची परीक्षा प्रमाणपत्राच्या दिवशी एकदा होते. त्यानंतर ती रोज होते, आणि त्या परीक्षेतला एक साक्षीदार बोलू शकत नाही.